‘देछ्वीथा’ला मराठीत काय म्हणावं?

एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी सध्या दिवसभर बीटीएस या कोरियन बँडमधल्या शुगा या रॅपरचं ‘देचविता’ हे गाणं ऐकते. रॅपच्या मधूनमधून सनईसारखं काहीतरी वाजतं, म्हणून त्यांचेही कान टवकारले. या शब्दाचा अर्थ काय, मराठीत तो कसा लिहायचा आणि ‘नौबत’ हा प्रतिशब्द चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

नौबत नको. एक तर नौबत झडते ती नगारखान्यात, एका जागी. ‘देचविता’ म्हणजेच मूळ उच्चारात ‘देछ्वीथा’, हे जुनं कोरियन वादन मिरवणुकीचं. दुसरं म्हणजे, आज मराठीत ‘नौबत आली’ म्हटलं की घर विकायची किंवा पोलीस बोलवायचीच आठवते.

शब्द तीन अक्षरांचा, तिन्ही चिनी मुळाची. आपल्याकडे तत्सम शब्दांचं जे स्थान, तेच कोरियनमध्ये अशा शब्दांचं. ‘दे’ म्हणजे मोठं, ‘छ्वी’ म्हणजे फुंकणं, ‘था’ म्हणजे मारणं, बडवणं. थोडक्यात, ‘महा-फुंक-बडव’. हसू नका, नाव अगदी नेमकं आहे. भरतमुनींनी वाद्यांचे चार वर्ग केले: तत, सुषिर (फुंकायची), अवनद्ध (चामडं मढवलेली) आणि घन (झांजांसारखी ठोकायची). देछ्वीथात यातले शेवटचे तीन आहेत, तत म्हणजे तारांची वाद्यं नाहीतच. राजाच्या स्वारीपुढे किंवा सैन्याबरोबर चालत, उघड्यावर वाजवायचं, तर तारेचा नाजूक आवाज पोचणार कुठवर?

कोरियातल्या चोसन राजवटीतलं (१३९२ ते १८९७) हे लष्करी आणि दरबारी वादन. लांब पितळी तुतारीसारखं ‘नाबाल’, शंख म्हणजे ‘नागाक’, मोठी थाळी ‘जिंग’, झांजा ‘जाबारा’, गळ्यात अडकवलेला ढोल ‘योंगगो’. यातलं नाबाल आणि शंख एकेकच सूर लांबवतात, आळीपाळीने. सगळी चाल एकट्या ‘थेप्यंगसो’वर. तीच ती ताईंना ऐकू आलेली सनई. त्यांचा कान चुकलेला नाही. थेप्यंगसोचं एक जुनं नाव ‘सेनाप’. ते आलं चिनी ‘स्वोना’वरून, आणि स्वोना फारसी ‘सुर्ना’वरून. आपल्या सनईमागची शहनाईसुद्धा काहीजण याच सुर्नापर्यंत नेतात आणि ‘शाह’ म्हणजे राजावरून हे नाव पडल्याची गोष्ट नंतर चिकटवलेली मानतात. दक्षिण कोरियाने हे वादन १९७१ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवलं. सोलच्या राजवाड्यांपुढे पहारा बदलण्याचा सोहळा होतो, तिथे पिवळ्या अंगरख्यातले वादक आजही दिसतात.

आता लेखन. आपण हा शब्द रोमन लिपीतून उचलतो आणि तिथेच फसतो. मूळ उच्चारात दुसरं आणि तिसरं अक्षर महाप्राण आहे, म्हणजे ‘छ’ आणि ‘थ’. इंग्रजीला हा फरक नीट लिहिता येत नाही. आपल्याला येतो, मग त्यांच्या मर्यादा आपण का पाळायच्या? पहिलं अक्षर ‘द’ आणि ‘त’च्या मधलं, पण ‘दे’ चालेल. म्हणून माझं मत ‘देछ्वीथा’. ‘देचविता’ लिहिलं तर कविता-सविताची बहीण वाटते. (लिंगाचं विचाराल तर मी ‘तो देछ्वीथा’ म्हणतो, पोवाड्यासारखा. मुली ‘ती’ म्हणतात. जिंकणार त्याच.)

माझ्या मते खरी गंमत अर्थात नाही, व्याकरणात आहे. वादन सुरू होण्याआधी हातात काठी घेतलेला म्होरक्या आरोळी देतो: ‘म्यंगगुम इल्हा देछ्वीथा हाराप्शिन्दा’. म्हणजे थाळीचा एक ठोका द्या आणि देछ्वीथा करा. पण शेवटचं क्रियापद नीट बघा. ते साधं ‘करा’ नाही. ते आहे ‘करा, अशी वरून आज्ञा आहे’. म्होरक्या स्वतः हुकूम सोडत नाही, थोरांचा हुकूम पोचवतो, आणि तेही त्या थोरांसाठी आदरार्थी रूप वापरून. आपल्याकडे चोपदार असता तर ‘वाजंत्र वाजवावे, ऐसी सरकारची आज्ञा’ असं काहीसं म्हणाला असता.

शुगाने २२ मे २०२० रोजी ‘ऑगस्ट डी’ या नावाने हे गाणं काढलं, तेव्हा नेमकी इथे मेख मारली. धृपदात ‘देछ्वीथा’बरोबर येतं ‘उल्लिदा’ या क्रियापदाचं आज्ञार्थी रूप: दणाणून सोडा. आता मध्ये निरोप्या नाही. देगू शहरातून आलेला हा पोरगा स्वतःच स्वतःच्या स्वारीपुढे वाजवायचा हुकूम देतो. चित्रफितीत राजाही तोच आणि बंडखोरही तोच, हे त्यामुळे फार शोभतं. शिवाय ‘उल्लिदा’चा दुसरा अर्थ रडवणं. आपण नाही का, ढोल वाजवतो आणि कानाखालीही वाजवतो!

रॅपमध्ये स्वतःची बढाई मारण्याची रीतच आहे. मराठीत त्याला ‘स्वतःची टिमकी वाजवणं’ म्हणतात, पण त्यात हेटाळणी आहे, आणि टिमकी केवढीशी! कोरियनमध्येही ‘नाबाल फुंकणं’ म्हणजे बाता मारणं. बाटली थेट तोंडाला लावून पिणाऱ्यालाही तो ‘बाटलीचा नाबाल’ फुंकतो म्हणतात. थेप्यंगसोचं बोलीतलं नाव ‘नाल्लारी’, आणि उनाड, उथळ माणसालाही नाल्लारीच म्हणतात. वाजंत्र्यांची अब्रू तिकडेही बेताचीच दिसते.

तेव्हा गाण्याचं भाषांतर करायचं झालं तर मी ‘डंका’ घेईन. त्यात वाजवणंही आहे, कीर्तीही आहे, आणि ‘डंका वाजू द्या’ हे धृपदात बसतंही. मात्र त्या जुन्या वादनप्रकाराबद्दल लिहायचं असेल, तर ‘स्वारीची वाजंत्री’.

वाजंत्री म्हणायला आणखी एक कारण आहे. देछ्वीथा थांबवायलाही आरोळीच लागते: ‘हॉरागुम’. शतकानुशतकं ओरडून ओरडून झिजलेला हा शब्द. मूळ रूप ‘ह्वनह्वागुम’, अर्थ ‘गलबला बंद’. आता आपल्या मंगलाष्टकांतली ओळ आठवा: ‘वाजंत्रे बहु गलबला न करणे’.