सार्थ योगायोगाला मराठीत काय म्हणावं?

फोंड्याहून एका वाचकाने विचारलंय: मानसशास्त्रावरच्या लेखाचं भाषांतर करतोय, त्यातल्या ‘सिंक्रोनिसिटी’ला ‘काकतालीय न्याय’ चालेल का?

नाही चालणार. उलटा अर्थ होईल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणजे दोन्हींचा संबंध नाही, उगाच जोडू नका, असं काकतालीय सांगतो. सिंक्रोनिसिटी ही मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगची कल्पना. त्यालाही दोन घटनांत कार्यकारणसंबंध नकोच होता, पण अर्थाचा धागा हवा होता. त्याचा गाजलेला दाखला आहे तो असा: एक रुग्ण स्वप्नात मिळालेल्या सोन्याच्या भुंगेऱ्याबद्दल सांगत होती, तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक झाली. युंगने खिडकी उघडून पकडला तो सोनेरी-हिरवा भुंगेराच. या कल्पनेवरचा त्याचा सविस्तर निबंध 1952 साली आला. ‘समकालिकता’ हा प्रतिशब्द काही जण वापरतात. त्यात काळ येतो, अर्थ गळतो.

आता आपल्याकडे बघा. गोव्यात देवाला प्रसाद लावतात, म्हणजे कौल घेतात. भिजवलेल्या पाकळ्या किंवा कळ्या मूर्तीवर चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली की सहसा होकार, डावी पडली की नकार. पाणी सुकलं म्हणून पाकळी पडते, हे बघणाऱ्यालाही कळतं. पण ती कधी आणि कुठली पडली, यात तो उत्तर वाचतो. ‘बोलाफुलाला गाठ पडणे’ मला तरी इथूनच आलेलं दिसतं: तोंडातून बोल निघाला आणि फूल पडलं. युंगच्या कल्पनेच्या इतकं जवळचं दुसरं काही मराठीत मला सापडत नाही. (घुणाक्षर न्याय, म्हणजे लाकूड पोखरताना किड्याकडून नकळत अक्षर उमटणं, थोडा जवळ येतो, पण त्या किड्याला अक्षराचं काय!)

अडचण एवढीच, की रोजच्या बोलण्यात हा वाक्प्रचार हलका झालाय. “तुझंच नाव काढलं आणि तू दारात, बोलाफुलाला गाठ पडली बघ,” एवढ्यावर तो भागतो. त्यामुळे लेखात पहिल्यांदा ‘सिंक्रोनिसिटी, म्हणजे सार्थ योगायोग’ असं लिहा, पुढे नुसतं ‘सार्थ योगायोग’. संवाद असेल तिथे बोलाफुलाला येऊ द्या. नुसता ‘योगायोग’ मात्र टाळा, तो बसस्टॉपवर शाळासोबती भेटला तरी लागतो.

काकतालीय राखून ठेवा. बेडकाचं लग्न लावलं आणि पाऊस आला, असं कोणी छातीठोकपणे सांगू लागलं की तो कामी येतो.