डिपॉझिट : कायद्यात किती, करारात किती?

प्रश्न : पुण्यात भाड्याच्या घरासाठी सहा महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट मागत आहेत. कायद्याने दोनच महिन्यांचे घेता येते ना?

उत्तर : दोन महिन्यांची मर्यादा केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे, परंतु तो नमुना असल्याने राज्याने तसा कायदा केल्याशिवाय घरमालकावर बंधनकारक होत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू आहे आणि लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याची परवानगी देणाऱ्या कराराच्या, डिपॉझिटला त्यात कमाल मर्यादा नाही. ही त्या कायद्यातील मोठी उणीव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तूर्त रक्कम बोलणी करूनच कमी करून घ्यावी लागेल.

प्रश्न : दीड लाखाच्या डिपॉझिटपैकी पन्नास हजारच करारात दाखवू, उरलेले रोख द्या आणि नोंदणीऐवजी नोटरी करू, असे घरमालक म्हणतात.

उत्तर : दोन्हींना नकार द्यावा. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के असते आणि ते एकूण भाडे व परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर आकारले जाते. म्हणजे लपवलेल्या एक लाखावर वर्षाचे व्याज 10,000 रुपये धरले, तर वाचणारे शुल्क जेमतेम 25 रुपये! तेवढ्यासाठी तुम्ही एक लाखाचा पुरावा गमावून बसाल. शिवाय भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावाच लागतो, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते आणि कसूर झाल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पैसे बँकेतूनच द्यावेत आणि व्यवहाराचा क्रमांक करारात लिहून घ्यावा.

प्रश्न : सोसायटी ‘भाडेकरू ठेवल्याचे’ शुल्क माझ्याकडे मागते.

उत्तर : हे बिनभोगवटा शुल्क, म्हणजे सभासद स्वतः घरात राहत नसल्याबद्दलचे शुल्क, सभासदाने, म्हणजे घरमालकाने द्यायचे असते आणि ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही.

प्रश्न : घर सोडताना रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापले. हे योग्य आहे का?

उत्तर : आधी करार पाहावा. रंगकामाचे कलम नसेल, तर रोजच्या वापराने भिंती मळल्या एवढ्यावरून केलेल्या कपातीला लेखी हरकत घ्यावी, बिलाची प्रत मागावी आणि दाद न मिळाल्यास वकिलामार्फत नोटीस पाठवावी. पुढच्या वेळी घर ताब्यात घेतानाच भिंती, नळ आणि दारांची छायाचित्रे काढून ती घरमालकाला त्याच दिवशी पाठवावीत, तसेच किल्ल्या परत करताना डिपॉझिट त्याच वेळी मिळेल, असे कलम करारात घालून घ्यावे.