मधुमेहींचा आहार: उपवासाच्या दिवशी गोळीचे काय?

प्रश्न: साखरेऐवजी गूळ किंवा मध चालेल का?

उत्तर: नाही. दोन्हींनी रक्तातील साखर वाढतेच.

प्रश्न: ज्वारीची भाकरी पोटभर खाल्ली तरी साखर वाढत नाही, असे शेजारी सांगतात. हे खरे का?

उत्तर: खरे नाही, आणि हा समज फार नुकसान करतो. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठातही जवळपास 70 ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. शिवाय एका घरची एक भाकरी दुसऱ्या घरच्या दोन पोळ्यांइतकी भरते. म्हणून एकदा पीठ वजन करून भाकरी थापा, जेवायला बसल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर मोजा आणि ती नोंद आहारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न: वडील 66 वर्षांचे आहेत, ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेतात आणि चातुर्मासात एकादशी करतात. त्यांना साबुदाणा चालेल का?

उत्तर: साबुदाण्याचे आधी सांगतो. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्यात प्रथिने आणि तंतू नाममात्र असतात, त्यामुळे खिचडीने साखर झपाट्याने चढते. मात्र मला त्याहून मोठी काळजी गोळीची वाटते, आणि तिच्याविषयी कोणीच विचारत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न असो वा नसो, साखर उतरवत राहतात. एका एकादशीला माझ्याकडे आणलेल्या आजोबांनी सकाळी नेहमीची गोळी घेऊन दुपारपर्यंत फक्त पाणी प्यायले होते. सदरा घामाने भिजला होता, हात थरथरत होते आणि घरचे ‘उपवासाने पित्त झाले’ म्हणून तासभर थांबले होते. साखर 48 भरली. अशा वेळी तासभर थांबणे मेंदूच्या जिवावर बेतू शकते. साखर 70 च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. पेढा देऊ नका. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठा. वडिलांनी उपवास करावा की नाही, आणि केल्यास त्या दिवशी गोळी किती व केव्हा घ्यावी, हे एकादशीच्या आठवडाभर आधी त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोळी स्वतःच्या मनाने वगळणेही तितकेच चुकीचे आहे.

प्रश्न: ‘मधुमेहींसाठी खास’ बिस्किटे रोज चहाबरोबर खावीत का?

उत्तर: रोज नकोत. पुड्याच्या मागे छापलेला घटकांचा तक्ता वाचा. साखर वगळली तरी पीठ आणि चरबी राहतेच, आणि ‘साखरविरहित’ या एका शब्दासाठी ग्राहकाकडून जादा पैसे घेतले जातात.

प्रश्न: तीन महिन्यांपासून कारल्याचा रस घेत आहे आणि गोळी बंद केली आहे. त्रास काही नाही. चालू ठेवू का?

उत्तर: गोळीची जागा रस घेऊ शकत नाही. साखर वाढलेली असतानाही बरेच दिवस काही जाणवत नाही. तोवर मूत्रपिंड आणि डोळ्यांचा पडदा झिजत असतो. याच आठवड्यात उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) तपासून डॉक्टरांना भेटा. बंद केलेल्या गोळ्यांची पट्टी बरोबर न्या.