मावशी की सिस्टर?

"मॅडम, तिला मावशी नाही करायची मला. बाकी काय ते तुम्ही ठरवा."

धायरीहून माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आलेल्या त्या ताई खुर्चीत नीट बसायच्या आधीच हे बोलून मोकळ्या झाल्या. शेजारी मुलगी, नुकतीच दहावी झालेली, ७१ टक्के. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशासाठी पसंतीक्रम भरायला दोनच दिवस उरले होते आणि घरात तीन माणसांची तीन मतं होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलीच्या शाळेत नववी-दहावीला हेल्थकेअर हा व्यवसाय विषय होता. नाडी मोजणं, ताप-बीपी घेऊन तक्त्यात लिहिणं, हात धुण्याच्या पायऱ्या, पेशंट झोपलेला असताना चादर बदलणं, एकदा हॉस्पिटलची भेट. मुलीला तो विषय मनापासून आवडला होता. वडिलांना मात्र वाटत होतं की पोरगी चुकीच्या गाडीत बसली, आता तिला उतरवून डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे 'नीट'च्या क्लासला घालायला हवं. त्यासाठी ते कर्ज काढायलाही तयार होते. धाकट्या काकांनी एक पत्रक आणून दिलं होतं: 'नर्सिंग, सहा महिने, नोकरीची हमी'. आणि आईची भीती मी वर सांगितलीच: लेक हॉस्पिटलातली मावशी, म्हणजे आया, होईल.

शाळेत हेल्थकेअर घेतलेल्या मुलांचे पालक दर जूनमध्ये मला हेच विचारतात. इतक्या लवकर हे घेतलं, आता मूल खालच्याच कामात अडकणार का? डॉक्टर व्हायची वाट बंद झाली का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नाही झाली. दहावीतल्या व्यवसाय विषयामुळे एकही दार बंद होत नाही. दारं उघडतात किंवा बंद होतात ती अकरावीच्या विषयांवर. पण त्या ताईंचा खरा प्रश्न पहिला होता, आणि तो इतका जोरात का आला हे कळायला मला अर्धा तास लागला.

आधी मी मुलीशी एकटीशी बोलले. 'हे क्षेत्र का?' असं विचारलं की मुलं 'लोकांची सेवा करायला आवडते' म्हणतात. ते खोटं नसतं, पण त्यातून काही कळतही नाही. म्हणून मी विचारलं, "यातलं सगळ्यात नकोसं काय वाटलं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजीचा डायपर." गेल्या वर्षी आजीला अर्धांगवायूचा झटका आला, दोन महिने ती घरी अंथरुणावर होती. "पहिल्या दिवशी मला उलटी झाली. दुसऱ्या दिवशी नाही झाली. तिसऱ्या दिवशी मी वहीत वेळा लिहायला लागले. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, असं शाळेत सांगितलं होतं. आजीला एकही जखम झाली नाही."

शेवटचं वाक्य तिनं मान वर करून सांगितलं. मी अभिरुची चाचणी काढून ठेवली होती, ती परत कपाटात ठेवली. ज्या मुलीनं दोन महिने दर दोन तासांची नोंद ठेवली, तिचा कल ओळखायला मला चाचणीची गरज नव्हती.

मग ताईंना आत बोलावलं आणि सरळ विचारलं, "मावशी या शब्दाची एवढी भीती का?"

त्या स्वतः एका खासगी हॉस्पिटलात मावशी होत्या. अकरा वर्षं, कंत्राटावर. बेडपॅन, फरशी, स्ट्रेचर. पेशंटच्या अंगाला त्यांचा हात सगळ्यात जास्त लागतो, पण नावानं त्यांना कुणी हाक मारत नाही. "लेकीनं चादर बदलायला शिकून आल्याचं सांगितलं ना मॅडम, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मला वाटलं, शाळेनं तिला माझंच काम शिकवलं."

हे ऐकल्यावर 'कोणतंही काम हलकं नसतं' असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. अकरा वर्षं ते काम केलेल्या बाईला हे ऐकवायचा मला हक्क नाही. पुण्यात या कामाकडे बघून नाकं मुरडणं जुनंच आहे. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायकांना ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं, तेव्हाही लोक बोललेच. पण त्या बायकांच्या हातात रीतसर शिक्षण आलं, आणि फरक तिथे पडतो.

मी ताईंना म्हटलं, तुमच्या वॉर्डात मावशी आणि सिस्टर दोघीही चादर बदलतात. मग फरक कशात आहे? त्या पटकन म्हणाल्या, "सिस्टरचं नाव कौन्सिलात असतं." हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, फक्त लेकीच्या निर्णयाशी त्यांनी ते जोडलं नव्हतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी करून देणारे रस्ते मोजकेच आहेत: दोन वर्षांचं एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), तीन वर्षांचं जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी) आणि चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग. तिन्ही बारावीनंतरचे, वयाची १७ वर्षं पूर्ण असावी लागतात. दहावीनंतर सहा महिन्यांत कुणीही नर्स होत नाही.

काकांच्या पत्रकावरच्या नंबरावर मी त्यांच्यासमोरच फोन लावला. कोर्स झाल्यावर कौन्सिलमध्ये नोंदणी होते का, एवढंच विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, नोकरी लागतेय ना, मग नोंदणी कशाला?" ताईंनी पत्रकाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. दिराला दाखवायची म्हणाल्या. अशा कोर्समधून मदतनिसाचं काम मिळतं, ज्याला गरज आहे त्यानं ते जरूर करावं. पण त्याला नर्सिंग म्हणून विकणं ही फसवणूक आहे आणि मला तिचा संताप येतो, कारण तिच्यात सापडतात ती नेमकी अशीच घरं.

वडिलांशी फोनवर बोलले. २०२४ मध्ये देशभरातून २३ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या पुढे. मुलीला डॉक्टर व्हायचं असतं तर हे आकडे मी सांगितले नसते, तयारीचं बोलले असते. पण तिला व्हायचं नव्हतं. वडील बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "पण उद्या तिला वाटलं तर?" हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर विषयांच्या निवडीतच होतं.

अकरावी सायन्सला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र ठेवलं तर नीट उघडी राहते. बी.एस्सी. नर्सिंग उघडी राहते. तिला हेच तीन विषय आणि इंग्रजी मिळून खुल्या गटासाठी ४५ टक्के लागतात, शिवाय प्रवेश परीक्षा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पॅरामेडिकल पदवीही उघडी राहते. गणित सोडलं तरी यातलं काही जात नाही, आणि मुलीला गणिताचा धसका होता. सगळं फसलं तरी जीएनएम आहेच. तिथे कोणत्याही शाखेचे ४० टक्के चालतात, आणि पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करून पदवी घेता येते.

बारावीची व्यवसाय शाखा, जिला पुण्यातले पालक अजून एमसीव्हीसीच म्हणतात, तीही आम्ही पाहिली. माझ्याकडे पूर्वी आलेल्या एका मुलानं तिथे लॅब टेक्निशियनचा कोर्स घेतला होता. घरात लगेच पैसा लागणार होता, त्याच्यासाठी ते बरोबर होतं. पण दोन वर्षांनी त्याला बी.एस्सी. नर्सिंग करावीशी वाटली तेव्हा जीवशास्त्रासह सायन्सचे विषय नसल्यानं अर्जच भरता आला नाही. जीएनएमला मात्र गेला. या मुलीच्या घरी तशी निकड नव्हती, आई-वडील दोघंही कमावते होते.

एक गोष्ट मी अटीसारखी सांगितली. फॉर्म भरायच्या आधी आईनं तिला आपल्या हॉस्पिटलातल्या एका सिस्टरशी भेटवायचं. ताईंना ते जड गेलं. लेकीनं आपल्याला निळ्या साडीत, हातात पोछा घेऊन बघावं असं त्यांना वाटत नव्हतं. पण घेऊन गेल्या. सिस्टरनी रात्रपाळीचं सांगितलं, सुजलेल्या पायांचं सांगितलं, दिवाळीला ड्युटी लागते तेही सांगितलं. मुलगी घाबरली नाही.

पसंतीक्रम भरला. सायन्स, जीवशास्त्र, गणिताशिवाय. क्लासचं कर्ज निघालं नाही.

पंधरा दिवसांनी ताई पेढे घेऊन आल्या, दुसऱ्या फेरीत सिंहगड रोडवरचं कॉलेज मिळालं म्हणून. निघताना दारात थांबल्या. त्या दिवशी वॉर्डात लेकीनं काय केलं ते सांगायचं राहिलं होतं. त्या एका आजोबांना कुशीवर वळवत होत्या, तेवढ्यात मागून ती म्हणाली, "आई, उशी पाठीमागे लाव, नाहीतर परत उताणे होतील." सिस्टरनी विचारलं, हे कुणी शिकवलं? पोरगी म्हणाली, "शाळेत. आणि आजीनं."

"मी उशी लावली, मॅडम," ताई म्हणाल्या. "बरोबर सांगत होती ती."