मोकळ्या जगाच्या गेममध्ये गोष्ट कुठे असते? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : माइनक्राफ्टमध्ये (ठोकळे म्हणजे ब्लॉक रचून जग उभारायचा गेम) एक ओसाड गाव उभारलंय. शेवाळलेले दगड, कोळ्याची जाळी, वेली, ढासळलेली छपरं, काही सोडलं नाही. तरी मित्र दोन मिनिटांत फिरून बाहेर पडतात. जागोजागी पाट्या लावून गोष्ट सांगू का?

उत्तर : पाट्या नकोत. गाव जुनं दिसतंय, पण ते कशामुळे ओस पडलं हे बहुधा तुमचंच ठरलेलं नाही. जाळी आणि शेवाळ सगळीकडे सारखं शिंपडलं की ती फक्त सजावट होते. २०१०च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हार्वी स्मिथ आणि मॅथिआस वॉर्च या गेम डिझायनरांनी जागेतून गोष्ट सांगण्यावरच भाषण दिलं होतं आणि त्याच्या शीर्षकातच ‘इथे काय घडलं?’ हा प्रश्न होता. खेळणाऱ्याच्या मनात तो उभा राहायचा, तर उत्तर आधी तुमच्याकडे हवं.

एक कारण आणि एक काळ पक्का करा. समजा, पूर आला. मग पाण्याची रेघ सगळ्या घरांवर एकाच पातळीला हवी. जावा आवृत्तीत ‘एफ ३’ दाबून ‘वाय’चा, म्हणजे उंचीचा, आकडा पाहा आणि तोच गावभर पाळा. उतारावरच्या वरच्या घराला रेघ एका ब्लॉकवर येईल, खालच्या घराला तीनवर. रेघेच्या खाली शेवाळी कॉबलस्टोन, वर स्वच्छ. कुंपणं मोडलेली असतील तर सगळी एकाच दिशेला. ही झाली घटना. आता माणसांनी काय केलं? माळ्यावर बिछाना आणि पेटी ठेवा, म्हणजे माणसं वर चढली. आणि पुढे काय झालं? छपराला आतून पाडलेलं भगदाड. हा तिसरा दुवा बहुतेक जण विसरतात, आणि नेमका तोच माणसाला वर मान करून थांबायला लावतो.

फसतं कुठे, तर काळाच्या गोंधळात. जाळी म्हणजे काही वर्षं लोटली, पेटलेला कॅम्पफायर म्हणजे आज कोणीतरी इथे आहे. दोन्ही एकाच खोलीत आले की गोष्ट कोसळते. कॅम्पफायर फावड्याने विझवता येतो. तांब्याचं छप्पर तर आयतं घड्याळ आहे : चार टप्प्यांत ते हिरवं पडतं. हव्या त्या टप्प्यावर मधाचं पोळं लावा, रंग तिथेच थांबतो. वेली मात्र आपणहून पसरतात आणि महिन्याभरात खुणा झाकून टाकतात. जिथे थांबवायच्या तिथे टोकाखाली दोरा ठेवा.

पेटीत हिरे ठेवू नका. पहिला हिरा हाती लागला की खेळणारा बघणं सोडून लुटायला लागतो. एक पाव, एक झिजलेली कुदळ, बस. मजकूर हवाच असेल तर अख्ख्या गावात एकच पुस्तक ठेवा, तेही दोन पानांचं, आणि ते अशा माणसाने लिहिलेलं असू द्या ज्याला शेवट ठाऊक नव्हता.

प्रश्न : रात्री राक्षस येऊ नयेत म्हणून गावभर मशाली लावल्या. आता सुरक्षित आहे, पण वातावरण सगळं गेलं.

उत्तर : जुन्या सल्ल्यावर चाललेलं दिसतंय. १.१८ आवृत्तीच्या आधी प्रकाशाची पातळी ७ किंवा त्याहून कमी झाला की राक्षस उगवत. आता वरच्या जगात, म्हणजे नेदर या पाताळासारख्या जगाच्या बाहेर, त्यांना दिव्यांचा प्रकाश पूर्ण शून्य लागतो. मशालीचा प्रकाश १४, दर ब्लॉकला एकेक कमी होत जातो. सपाट जमिनीवर चौकटीच्या कोपऱ्यांवर दर १२ ब्लॉकला एक मशाल पुरते. निळ्या ज्योतीची सोल मशाल फक्त १० देते, तिथे ८चं अंतर धरा. भिंतीमागे वेगळं मोजा, कारण प्रकाशाला वळसा घालून जावं लागतं. मशाल दिसायलाच नको असेल तर जमिनीत ग्लोस्टोन हा उजळणारा ब्लॉक पुरून वर गालिचा अंथरा, उजेड आरपार येतो.

अशा उरलेल्या दिव्यांतला एक, जिथे माणसाने जावं असं वाटतं तिथे लावा. अंधारात एकच खिडकी उजळलेली असली की बाण काढावा लागत नाही. आणि हो, ब्राइटनेसची पट्टी ‘ब्राइट’वर नेऊन ‘गुहेत भीती वाटत नाही’ म्हणणाऱ्यांनी ती आधी ‘मूडी’कडे आणावी.

प्रश्न : गेमचं संगीत बंद करावं का?

उत्तर : सतत वाजणारी स्वतःची गाणी बंद करा. गेमचं संगीत राहू द्या, ते मुळातच मोठे खंड सोडून वाजतं. नकोच असेल तर ‘म्युझिक’ची पट्टी खाली न्या, पण ‘अॅम्बियंट’च्या पट्टीला हात लावू नका. गुहेतले ते दचकवणारे आवाज तिथून येतात.

प्रश्न : रिमवर्ल्डमध्ये (परग्रहावरची वस्ती सांभाळायचा गेम) चांगली गोष्ट घडायला कोणता कथाकार निवडावा? रँडीने सगळी वस्ती संपवली.

उत्तर : कथाकार म्हणजे वस्तीवर कधी काय संकट पाठवायचं ते ठरवणारं गेममधलं पात्र. त्यांतली कॅसँड्रा ताण चढवत नेते, मध्ये उसंत देते. फीबी दोन संकटांत लांब अंतर ठेवते. रँडीला क्रमच नाही : कधी लागोपाठ दोन हल्ले, कधी बराच काळ शांतता. पहिल्या वस्तीला कॅसँड्रा बरी. माणसं ओळखीची झाली की रँडी घ्या, कारण त्याच्या विचित्र घटनांना अर्थ आपल्याला ओळखीच्या माणसांमुळेच येतो.

वस्ती संपण्याचं कारण बहुधा रँडी नसून तुमचं कोठार असावं. हल्ल्याची ताकद ठरवताना गेम वस्तीची एकूण संपत्तीही मोजतो. सोनं, चांदी, कोरीव पुतळे साठत गेले आणि बचाव तिथेच राहिला, तर मोठी टोळी येणारच. विकून शस्त्रं आणि चिलखत घ्या. सेव्ह पुन्हा पुन्हा उघडायची सवय असेल तर सुरुवातीला ‘कमिटमेंट मोड’ निवडा, त्यात एकच सेव्ह राहते. पाय गमावलेला स्वयंपाकी त्याच वस्तीत पुढे काय करतो, ते बघायला मिळेल.

प्रश्न : नकाशावरच्या खुणा बंद केल्या की जग खरं वाटतं म्हणतात. स्कायरिममध्ये करून पाहिलं, नुसतं भरकटलो.

उत्तर : सल्ला चांगला, गेम चुकला. त्याच मालिकेतल्या जुन्या मॉरोविंडमध्ये (२००२) पात्रं वाट तोंडी सांगतात, कारण तिथे ठिकाण दाखवणारा बाण नाहीच. स्कायरिममधली (२०११) बरीच कामं बाण गृहीत धरून लिहिलेली आहेत, डायरीत नुसतं गुहेचं नाव मिळतं. झेल्डा मालिकेतल्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये ‘प्रो’ पर्यायाने कोपऱ्यातला नकाशा जातो आणि काही अडत नाही, तिथली जमीनच वाट दाखवते.

स्कायरिमसाठी मधला मार्ग : काम चालू करा, मोठ्या नकाशावर ठिकाण एकदा पाहा, जवळची नदी किंवा डोंगर लक्षात ठेवा, मग डायरीत जाऊन ते काम निष्क्रिय करा. बाण जाईल. वरच्या होकायंत्रावर आसपासच्या ठिकाणांची चिन्हं दिसत राहतील, ती असू द्या. ठिकाणाच्या आत पोहोचल्यावर अडलात, तर काम पुन्हा सक्रिय करायला हरकत नाही.