ऑपरेशन झालं, तरी एक गोळी लहानच का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमच्या पोराची उजवी गोळी (वृषण) जन्मापासून खाली पिशवीत उतरलेली नव्हती. 'आपोआप उतरते' असं सांगितलं होतं, म्हणून थांबलो. मग कधी कापसाची वेचणी, कधी तूर, कधी लग्नसराई असं करता करता ऑपरेशनला तो चार वर्षांचा झाला. आता नववं संपत आलं. गोळी पिशवीत आहे, दुखत नाही. पण डावी बोराएवढी अन् उजवी चिंचोक्याएवढी. रोज रात्री तो झोपला की मी चाचपून पाहतो. वाढतच नाही. ऑपरेशन वाया गेलं का? पुढं त्याला लेकरं होतील ना? आई म्हणते, वाढीचं इंजेक्शन मिळतं. आणखी एक, माझ्या साळीचं पोरगं सात महिन्यांचं आहे, त्याचंही असंच आहे. तिची सासू रोज तेल चोळते.
(एक शेतकरी, तालुका दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, आधी ते रात्रीचं चाचपणं बंद करा. सरकी लावली अन् कोंब आला का म्हणून रोज माती उकरून पाहिली, तर शेजारी काय म्हणतील? अन् पोरगं आता नऊ वर्षांचं आहे. त्याला जाग येत असेल अन् तो गप्प पडून राहत असेल, हे तुमच्या ध्यानात आलं नसेल.

तुम्ही ज्या वाढीची वाट पाहताय, ती या वयात होतच नाही. वयात येईपर्यंत चांगली गोळीसुद्धा एक-दोन मिलिलिटरच्या आसपासच असते. ती चार मिलिलिटरची झाली की वयात यायला सुरुवात झाली असं आम्ही धरतो. मुलांमध्ये हे साधारण 9 ते 14 वर्षांच्या दरम्यान कधीतरी होतं, अन् खरी झेप त्यानंतर. मोठ्या माणसाची गोळी 15 ते 25 मिलिलिटरची असते. हे मोजायला आमच्याकडे 12 मण्यांची एक माळ असते, 1 पासून 25 मिलिलिटरपर्यंत. ती टेबलावर पाहून एका आजीनं मला 'कोणत्या देवाची जी?' असं विचारलं होतं. तुमच्या मुलालाही वर्षातून एकदा ती माळ लावून पाहावी, एवढं पुरे.

आता दोन्हींतल्या फरकाचं. घरातलं डिस्चार्ज कार्ड शोधा. गोळी कुठं सापडली, केवढी होती, हे त्यात बहुतेक लिहिलेलं असतं. न उतरलेली गोळी पुष्कळदा ऑपरेशनच्या दिवशीच लहान असते. पिशवी पोटापेक्षा दोन-चार अंशांनी थंड असते अन् गोळीला तोच थंडावा लागतो. वर उष्णतेत राहिली की ती मागं पडते. ऑपरेशननंतर रक्तपुरवठा कमी पडून गोळी सुकली, असंही क्वचित होतं. पण ते बहुधा वर्षभरातच कळतं. तुमच्याकडे पाच वर्षं झाली. तेव्हा केवढी होती हे कार्डावर पाहिल्याशिवाय 'वाया गेलं' म्हणू नका.

उशिराचं मात्र खोटं सांगणार नाही. स्वीडनमध्ये एका बाजूची गोळी न उतरलेल्या मुलांचे दोन गट केले. एकाचं ऑपरेशन 9 महिन्यांचं असताना, दुसऱ्याचं 3 वर्षांचं झाल्यावर. 2007 साली छापून आलेला निष्कर्ष असा, की लवकर केलेल्यांच्या गोळीनं मागं पडलेली वाढ बरीच भरून काढली, उशिरा केलेल्यांच्या गोळीनं नाही. त्यामुळे उजवी डावीएवढी होईलच असं वचन मी देणार नाही. तुम्हाला 'थांबा' म्हणणाऱ्यानं किती महिने थांबायचं तेही सांगायला हवं होतं. तुमच्या एकट्याचा दोष नाही.

लेकरांचं म्हणाल, तर एकच बाजू अडलेली होती अन् दुसरी चांगली आहे, अशी मुलं मोठी झाल्यावर बाप होण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपासच असतं. दाढी-मिशा, आवाज, उंची यांनाही चांगली गोळी पुरते. दोन्ही बाजू अडलेल्या असतील तर गोष्ट वेगळी. इंजेक्शन, टॉनिक, जडीबुटी यांतलं काहीच देऊ नका.

आणि ऑपरेशन वाया मुळीच गेलेलं नाही. अशा गोळीत पुढं कॅन्सरची गाठ होण्याचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. वयात येण्याआधी ऑपरेशन झालं तर तो कमी होतो. शिवाय वर अडकलेली गोळी हाताला नीट लागत नाही, खाली असली की गाठ लवकर कळते. पंधराव्या वर्षी मुलाला हे तुम्हीच सांगा : महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी स्वतः चाचपायचं, कडक गाठ लागली की दाखवायचं. कबड्डी, सायकल सगळं चालू द्या. गोळी परत वर सरकली तर दाखवा. एकाएकी जोरात दुखून सूज आली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. गोळीला पीळ पडून तिचं रक्त अडलं असेल तर हातात साधारण सहाच तास असतात.

साळीच्या बाळाचं काम यापेक्षा घाईचं आहे. जन्मतः वर असलेल्या बऱ्याच गोळ्या पहिल्या तीन-चार महिन्यांत उतरतात. सहा महिन्यांनंतर आपोआप उतरणं दुर्मिळ. बाळ नवव्या महिन्याच्या आधी जन्मलेलं असेल तर तेवढे दिवस वजा करून मोजा. तेलानं बाळाचं अंग मऊ होईल, गोळी खाली येणार नाही. काही बाळांची गोळी थंडी वाजली की वर पळते अन् उबेत परत येते, तिला ऑपरेशन लागत नाही; पण तो फरक तपासणाऱ्या हातालाच कळतो. नागपूरला किंवा सेवाग्रामला लहान मुलांच्या सर्जनला याच महिन्यात दाखवा. ऑपरेशन ठरलंच तर दीड वर्षाच्या आत होऊ द्या. बहुधा संध्याकाळपर्यंत घरी सोडतात. साळीला सांगा, वेचणीला बाई एखादी कमी पडली तरी चालेल.