फ्रेट क्लास: दर्जा म्हणावं की वर्ग?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत ॲक्टिव्हेटेड कार्बन पाठवण्याच्या कागदपत्रांचा अनुवाद करताना एकाच मालापुढे 'क्लास ७०' आणि 'क्लास ४.२' असं दोन्ही दिसतं. दोन्हीकडे 'दर्जा' चालेल का?

'दर्जा' एकीकडेही नको. त्या शब्दाबरोबर माल चांगला की वाईट हा विचार येतोच, आणि इथे त्याचा काही संबंध नाही. तिकडे पार्ट लोडने, म्हणजे ट्रकचा काही भागच भरून जाणाऱ्या मालाचे ५० ते ५०० असे १८ वर्ग आहेत. आकडा जितका मोठा, तितका वजनामागे भाड्याचा दर चढा. मध्ये ७७.५ आणि ९२.५ हेही आहेत. 'साडेब्याण्णव दर्जाचा माल' कुणाला कळणार?

'क्लास ७०'साठी मी 'भाडेवर्ग' लिहीन. तो ठरवताना मालाची घनता, हाताळणी, ट्रकमध्ये इतर मालासोबत रचता येणं आणि नुकसानीची जोखीम बघतात. जुलै २०२५पासून बऱ्याच वस्तूंना घनतेचीच १३ पायऱ्यांची शिडी लागू झाली आहे. समजा, पॅलेटसकट (माल रचायच्या फळीसकट) वजन १००० पौंड आणि मापं ४८ × ४० × ४८ इंच. गुणाकाराला १७२८ने (एका घनफुटातले घनइंच) भागलं की ५३.३ घनफूट, म्हणजे घनफुटाला पावणेएकोणीस पौंड. शिडीवर १५ ते २२.५ची पायरी ७० वर्गाची. तेवढ्याच आकाराच्या पॅलेटवर शंभरच पौंडांचा हलका माल असता, तर त्याच शिडीवर वर्ग थेट ३०० झाला असता. मात्र आधी भाडेवर्गांच्या यादीतला वस्तूचा स्वतंत्र क्रमांक काढायचा. प्रत्येक वस्तू या शिडीवर बसत नाही.

४.२ हा 'धोकावर्ग': आपोआप तापून पेट घेऊ शकणारे पदार्थ. ॲक्टिव्हेटेड कार्बनचा यूएन क्रमांक, म्हणजे धोकादायक मालाच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला क्रमांक, १३६२. धोकावर्गाचा भाड्याच्या वर्गाशी घोळ घालू नये, म्हणूनच दोन वेगळे शब्द हवेत. नुसतं 'वर्ग' लिहिलंत तर वाचणारा अडकलाच.

आता 'सक्रिय कोळसा'. शाळेच्या पुस्तकात तो शोभतो, पण बिल्टीवर 'ॲक्टिव्हेटेड कार्बन'च राहू द्या. प्राणिज किंवा वनस्पतिज कार्बनची नोंद वेगळी आहे, यूएन १३६१. 'कोळसा' वाचून कुणी लाकडी कोळसा समजला, तर चुकीची नोंद लागायची आणि गोदामात माल अडायचा.